आईचा फोटो आणि चौसष्ट ठिपके



मागच्या पावसाळ्यात माझी आई गेली. तेराव्याला हार घालायला एक चांगला फोटो हवा म्हणून आम्ही भावंडं मोबाईल धुंडाळत बसलो. आधारवरच्या फोटोत ती ओळखूच येत नव्हती. लग्नातल्या सगळ्या फोटोंत ती कुणाच्या तरी मागे उभी. शेवटी एक सापडला. अंगणात बसलेली, हिरवी इरकल, लाल काठ, आणि कधी नव्हे ती मनापासून हसणारी. भाच्याने काढला होता. त्याच्याकडून तो घरच्या ग्रुपवर आला, तिथून मावशीकडे, मावशीकडून माझ्याकडे.

तो घेऊन मी तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओत गेले. बारा बाय सोळाची फ्रेम हवी म्हटलं. त्यांनी कॉम्प्युटरवर फोटो मोठा केला आणि म्हणाले, "ताई, एवढा नाही होणार. फाटतोय." स्टुडिओवाल्यांचा हा शब्द आहे, फोटो फाटतो. मी पाहिलं तर आईच्या डोळ्यांभोवती बारीक बारीक चौकोन दिसत होते, फरशी बसवल्यासारखे. लाल काठाचा रंग हिरव्यात झिरपला होता, जणू साडी पहिल्याच धुण्यात उतरली. "हे चौकोन कुठून आले?" मी विचारलं. "कॉम्प्रेस झालाय," ते म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

ते चौकोन कुठून आले, हे मी नंतर शोधत बसले. आजचं बोलणं त्यावरच आहे. विषय यंत्राचा वाटेल, पण त्यात माणसंच जास्त आहेत.

मोबाईलमधला फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. फक्त इथे ठिपके जोडायचे नाहीत, प्रत्येक ठिपक्यात रंग भरायचा. अशी पहिली रांगोळी 1957 साली अमेरिकेतल्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेत काढली गेली. रसेल कर्श नावाच्या इंजिनिअरने आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा, वॉल्डनचा, फोटो यंत्राखाली ठेवला आणि कॉम्प्युटरसाठी त्याचे ठिपके पाडले. 176 आडवे, 176 उभे, म्हणजे एकतीस हजारांना थोडे कमी. प्रत्येक ठिपका काळा नाहीतर पांढरा. कॉम्प्युटरमध्ये गेलेला पहिला फोटो एका बापाने आपल्या तान्ह्या बाळाचा दिला, हे मला फार आवडतं. आपणही नवा मोबाईल आणला की आधी कुणाचा फोटो काढतो?

आता आपल्या हातातल्या फोनचा हिशेब करू. 12 मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे 4000 आडवे आणि 3000 उभे ठिपके, एकूण 1 कोटी 20 लाख. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला तीन आकडे लागतात, लाल किती, हिरवा किती, निळा किती. म्हणजे 3 कोटी 60 लाख आकडे, कॉम्प्युटरच्या भाषेत 36 एमबी. पण फोनमध्ये तीच फाईल 3-4 एमबीची दिसते. उरलेलं कुठे गेलं?

लांबलचक गोष्ट थोडक्यात पाठवण्याची एक जुनी युक्ती तुमच्यातल्या थोरल्या बायकांना माहीत असेल. लग्नाची तार. शुभेच्छांची ठरलेली वाक्यं तार ऑफिसात लिहिलेली असायची आणि प्रत्येकाला क्रमांक असायचा. आपण क्रमांक सांगायचा, तारेतून तेवढाच आकडा जायचा, आणि पलीकडच्या ऑफिसात त्याचं पूर्ण वाक्य व्हायचं. काहीही हरवलं नाही, तरी खर्च कमी. आपली तार 2013 च्या जुलैत बंद झाली, युक्ती मात्र फोटोंमध्ये शिल्लक आहे. जे वारंवार येतं त्याला छोटी खूण, जे क्वचित येतं त्याला मोठी. अशा खुणा कमीत कमी जागेत कशा बसवायच्या, हे डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने शोधलं. त्याच्या प्राध्यापकांनी मुलांना सांगितलं होतं, परीक्षा द्या किंवा हा प्रश्न सोडवून निबंध लिहा. त्याने परीक्षा टाळली आणि प्रश्न सोडवला! 1952 साली ते छापून आलं, आणि आजही प्रत्येक साध्या फोटोच्या फाईलमध्ये शेवटचं बांधाबांधीचं काम बहुधा हफमनच्याच रीतीने होतं.

पण एवढ्याने फोटो बारा पट लहान होत नाही. त्यासाठी काहीतरी टाकून द्यावं लागतं. काय टाकायचं, ही या गोष्टीतली खरी मेख.

नासिर अहमद यांचा जन्म 1940 चा, बंगळुरूचा. तिथेच इंजिनिअर होऊन ते अमेरिकेला गेले आणि पुढे कॅन्सस राज्यातल्या विद्यापीठात शिकवू लागले. 1972 मध्ये त्यांनी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे एका कल्पनेसाठी पैसे मागितले. मिळाले नाहीत. तपासणाऱ्यांपैकी एकाचा शेरा अशा अर्थाचा होता की ही कल्पना फारच सोपी वाटते. (सोपं म्हणून नाकारलं जाणं बायकांना काही नवं नाही. स्वयंपाकात काय एवढं, असं म्हणणारे घरोघरी आहेत.) अहमद यांनी नाद सोडला नाही. 1973 चा सबंध उन्हाळा त्यांनी या कामाला दिला. बरोबर त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि टेक्सासमध्ये शिकवणारे मित्र के. आर. राव. जानेवारी 1974 मध्ये तिघांच्या नावाने जेमतेम चार पानांचा लेख आला. पद्धतीचं नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. नाव विसरलात तरी चालेल, रीत सांगते.

फोटोचे लहान लहान तुकडे पाडायचे, आठ बाय आठ, म्हणजे चौसष्ट ठिपक्यांचे. बुद्धिबळाच्या पटाएवढे. आता एकेका ठिपक्याचा रंग सांगत बसायचं नाही. त्याऐवजी चौसष्ट ठरलेल्या नक्षी घ्यायच्या. पहिली अगदी साधी, सगळीकडे एकसारखी. मग एका बाजूला उजेड, दुसरीकडे अंधार अशी. मग पट्टे, मग बारीक पट्टे, शेवटी अगदी बारीक चौकडी. कोणताही तुकडा या नक्षी कमी-जास्त प्रमाणात मिसळून बनवता येतो, आणि लिहायचं ते फक्त प्रमाण. म्हणजे ताटात वाढलेल्या मसाल्याचा कण अन् कण सांगायचा नाही, कृती सांगायची. धणे इतके, खोबरं इतकं, दगडफूल इतकं.

कृती लिहिली की एक गंमत दिसते. आईच्या गालाचा तुकडा घ्या. त्यात साधी नक्षी भरपूर, उजेड-अंधाराची थोडी, आणि बारीक चौकडी जवळजवळ नाहीच. आता प्रमाण लिहिताना आपण हात सैल सोडला, सगळं वाटीच्या मापात मोजलं, तर चिमूटभर असलेल्या गोष्टींपुढे शून्य येतं. चौसष्टातल्या पन्नासेक नक्षींपुढे शून्य. मग "इथून पुढे सगळी शून्यं" एवढी एक खूण केली की काम झालं. फोटो लहान करताना क्वालिटीची जी पट्टी आपण डावीकडे सरकवतो, ती म्हणजे हे माप. डावीकडे सरकवली की चमच्याची वाटी होते, वाटीचं पातेलं होतं. अगदीच मोठं माप घेतलं की प्रत्येक तुकड्याची कृती इतकी ढोबळ होते की शेजारच्या दोन तुकड्यांच्या कडा जुळत नाहीत. आईच्या डोळ्यांभोवतीचे चौकोन म्हणजे त्या न जुळलेल्या कडा.

आणि काठाचा रंग? त्यामागेही हिशेब आहे. आपल्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक बारीक कळतो, रंगातला फरक तेवढा बारीक कळत नाही. म्हणून फोटो बांधताना उजेड वेगळा काढतात आणि रंग वेगळा. उजेड ठिपक्या-ठिपक्याचा ठेवतात, रंग मात्र बहुतेक वेळा चार ठिपक्यांत मिळून एकच. एरवी कुणाला कळत नाही. पण हिरव्या साडीचा लाल काठ समोर आला की कळतं.

डोळ्याला काय चालतं, हे कुणी ठरवलं? 1986 साली वेगवेगळ्या देशांतल्या जाणकारांची एक समिती बसली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून जेपेग शब्द आला. आपल्या फाईलच्या नावामागे डॉट जेपीजी लागतं ते हेच. 1987 मध्ये बारा पद्धती स्पर्धेत होत्या. कोणत्या पद्धतीचा फोटो कोणता, हे न सांगता माणसांना दाखवले आणि त्यांच्या डोळ्यांवर निवाडा सोपवला. बारातून तीन उरल्या, आणि जानेवारी 1988 मध्ये दुसऱ्यांदा कसून पारख झाली. जिंकली ती अहमद, नटराजन आणि राव यांच्या चौसष्ट नक्षींवर उभारलेली पद्धत. 1992 मध्ये ती जगाचं मानक झाली. ती इतकी झपाट्याने पसरायला आणखी एक कारण झालं. काही स्वयंसेवकांनी ती वापरायचा प्रोग्रॅम लिहून 1991 पासूनच फुकट वाटायला सुरुवात केली होती.

1992 साल मला लक्षात ठेवावंसं वाटतं, कारण त्या वर्षी आणखी दोन फोटो निघाले. मार्चमध्ये नॅथॅनियल बोरेन्स्टाइन या गृहस्थांनी मेलला फाईल जोडायच्या नव्या पद्धतीने पहिली मेल पाठवली. तिला त्यांच्या चौघांच्या गायनमंडळाचा फोटो आणि गाणं जोडलेलं होतं. आणि जुलैमध्ये, स्वित्झर्लंडमधल्या सर्न या विज्ञानसंस्थेत, वेब नुकतं रांगायला लागलं असताना त्यावर एक फोटो चढला. वेबवरच्या अगदी पहिल्या छायाचित्रांपैकी तो एक. त्यातही चौघीच, आणि गाणाऱ्याच! सर्नमधल्या कर्मचारी बायकांनी आणि शास्त्रज्ञांच्या मैत्रिणींनी मिळून गमतीचा गाण्याचा ग्रुप काढला होता, ले ओरिब्ल सर्नेत. ज्याच्याशी लग्न करायचं तो रात्रंदिवस यंत्रापाशी, ही त्यांच्या गाण्यातली तक्रार. ती फाईल जेपेग नव्हती, जिफ होती, फक्त 256 रंगांची. तरी मला नवल वाटतं. एवढी मोठमोठी डोकी तिथे, आणि पहिल्यांदा दिसल्या त्या नटूनथटून गाणाऱ्या चौघी.

आपल्याकडे इंटरनेट सर्वांसाठी खुलं झालं 15 ऑगस्ट 1995 ला. फोनच्या तारेवरून सेकंदाला 9600 बिट हा वेग. आपला 36 एमबीचा न आवळलेला फोटो त्या तारेवरून पाठवायला सव्वाआठ तासांहून जास्त लागले असते, तेही लाइन न तुटता. पन्नास केबीचा फोटो मात्र पाऊण मिनिटात जातो. परदेशी बाळंत झालेल्या मुलीच्या बाळाचं तोंड त्या काळात कुणा आजीला कॉम्प्युटरवर दिसलं असेल, तर ते शून्य मानून टाकून दिलेल्या बारीक नक्षींमुळे. हेही मान्य करायला हवं. आवळलेल्या फोटोवर मी रागावले होते, पण आवळला नसता तर आईचा तो फोटो माझ्यापर्यंत आलाच नसता.

या इतिहासात एक पान बोचणारं आहे. फोटो आवळायची नवी रीत काढली की ती कुठल्या तरी फोटोवर तपासून बघावी लागते. 1973 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत असा फोटो हवा होता. कुणीतरी 'प्लेबॉय' या पुरुषांच्या मासिकाचा नोव्हेंबर 1972 चा अंक घेऊन आलं. त्यांनी मधल्या पानावरच्या उघड्या फोटोचा चेहऱ्याचा आणि खांद्याचा भाग घेतला, 512 बाय 512 ठिपके पाडले, आणि तो चेहरा पुढची कित्येक दशकं जगभरच्या शोधनिबंधांत छापला गेला. स्वीडनची लेना. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि कित्येक वर्षं तिला पत्ताही नव्हता. फोटो तपासायला छान आहे, टोपीवर पिसं आहेत, गुळगुळीत त्वचा आहे, असं सांगितलं जायचं. पण इंजिनिअरिंगच्या वर्गात बसलेल्या मुलीला तो कुठून आला हे कळलं की काय वाटत असेल? 2015 मध्ये अमेरिकेतल्या एका हायस्कूलच्या विद्यार्थिनीने 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये नेमकं हेच लिहिलं. 2019 च्या एका माहितीपटात लेना स्वतः म्हणाली की आता मला यातून निवृत्त व्हायचं आहे. आणि कॉम्प्युटर इंजिनिअरांच्या मोठ्या संस्थेने, आयईईई कॉम्प्युटर सोसायटीने, 1 एप्रिल 2024 पासून तो फोटो असलेले निबंध घेणं थांबवलं. एक्कावन्न वर्षं लागली.

त्यामुळे दुसऱ्या एका बाईचं नाव मला मुद्दाम सांगायचं आहे. इंग्रिड दोबशी, बेल्जियमच्या. लहानपणी बाहुल्यांचे कपडे शिवताना सपाट कापडाच्या तुकड्यांतून गोलाई कशी येते याचं त्यांना कुतूहल वाटायचं. पुढे त्या गणितज्ञ झाल्या आणि 1988 मध्ये त्यांनी वेव्हलेट नावाच्या नव्या नक्षी मांडल्या. या नक्षींना आठ बाय आठच्या चौकटीची गरज नाही. अमेरिकेच्या एफबीआयला बोटांचे ठसे साठवायचे होते. जेपेगने फार आवळलं की चौकोन उमटायचे आणि ठशांच्या रेषा तुटायच्या, म्हणून 1993 मध्ये त्यांनी वेव्हलेटची वाट धरली. याच गणितावर पुढे जेपेग 2000 ही पद्धत आली. आपल्या फोनमध्ये ती रुजली नाही. पण आधारच्या पत्रावरचा मोठा क्यूआर कोड आठवा. त्या काळ्या-पांढऱ्या चौकड्यांत नाव-पत्त्याबरोबर तुमचा इवलासा फोटोही असतो, आणि तो जेपेग 2000 ने आवळलेला असतो. बाहुलीचे कपडे शिवणाऱ्या त्या मुलीचं गणित आपण पर्समध्ये घेऊन फिरतो.

आता रोजच्या कामाचं. आपल्या केंद्रावर मुली येतात, नोकरीचा अर्ज भरायचाय, फोटो 20 ते 50 केबी आणि सही 10 ते 20 केबी मागितलीय, आणि फोटो काही चढत नाही. शेवटच्या दिवशी रात्री अकराला हे झालं तर वर्ष वाया जातं. यात क्रम महत्त्वाचा. बहुतेकजणी ठिपके तेवढेच ठेवून नुसती क्वालिटी खाली आणतात. 1 कोटी 20 लाख ठिपके 50 केबीत कोंबायचे म्हणजे मापाचं पातेलं होणार आणि चेहऱ्याचे चौकोन. त्याऐवजी आधी फोटो कापून घ्या, चेहरा आणि खांदे तेवढे ठेवा. मग ठिपके कमी करा. अर्जात बरेचदा 200 बाय 230 असं लिहिलेलंच असतं. ते 46 हजार ठिपके, न आवळताही 138 केबी. आता क्वालिटी थोडीशी कमी केली तरी 50 च्या आत येतो आणि चेहरा स्वच्छ राहतो. सहीला पांढरा कागद आणि जाड पेन, मागे रेघा नकोत. रेघा म्हणजे बारीक नक्षी, त्या जागा खातात.

मेलने फोटो पाठवतानाही हेच. नुसतं स्क्रीनवर बघायचं असेल तर 1200 बाय 900 ठिपके पुष्कळ झाले, मूळच्या अकराव्या हिश्श्याएवढे. आणि मेलला जोडलेली फाईल वाटेत एक तृतीयांशाने फुगते, कारण मेलची मूळ वाट फक्त अक्षरांसाठी होती आणि फोटोलाही अक्षरांचा वेष घ्यावा लागतो. म्हणून सांगितलेल्या मर्यादेच्या बरंच आत राहावं.

मूळ फोटोवर मात्र हे काही करायचं नाही. प्रत काढायची आणि प्रतीवर करायचं. शून्य लिहिलेली नक्षी परत येत नाही, आणि मेसेजमधून फोटो पुढे गेला की पुष्कळदा तो पुन्हा आवळला जातो. जपायचा फोटो पाठवायचा असेल तर मेसेजच्या ॲपमध्ये डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग तो जसाच्या तसा जातो. नाहीतर ज्याने काढला त्याच्या फोनमधून केबलने घ्या.

हे मला मागच्या पावसाळ्यात माहीत नव्हतं. कळल्यावर मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "आत्या, तो फोन मी दिवाळीत एक्स्चेंजमध्ये दिला." माझ्याकडे आलेल्या फोटोत 720 बाय 960 ठिपके उरलेत. बारा इंच रुंद केला तर इंचाला साठच ठिपके पडतात, म्हणून फाटतो. चार इंच रुंद केला की इंचाला 180 येतात. मग मी परत त्या स्टुडिओत गेले आणि पोस्टकार्डाएवढाच काढून द्या म्हटलं. देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात तो बरोबर मावतो. तेवढ्यात चौकोन दिसत नाहीत, काठ लाल दिसतो, आणि आई हसते आहे ते कळतं.